साठच्या पुढं पिकअपचं स्टीअरिंग हातातनं सुटायला बघतंय? परत अलायमेंटला पळायच्या आधी हे बघा

आधी एक नक्की करा, तुमच्या गाडीला नेमकं होतंय काय. नुसतं "स्टीअरिंग हलतंय" म्हणून गाडी लावली की समोरचा बॅलन्सिंग सांगतो, ते झालं की अलायमेंट, ते पण झालं की "टायरच बदला मालक", आणि पंधरा-वीस दिवसांनी गाडी परत तिथंच. स्टीअरिंग हलायचे प्रकार वेगळे आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

एक म्हणजे ठराविक स्पीडला येणारी थरथर. सत्तरच्या आसपास हळूच चालू होते, ऐंशी-पंच्याऐंशीला जोरात, त्याच्या पुढं नेली की कधीकधी कमी पण होते, आणि रस्ता कितीही गुळगुळीत असू दे ती येतेच. हे बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं, टायरचं नाहीतर रिमचं दुखणं. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी साइडला जाणाऱ्यांनी तर आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा, तिथं लाल चिखलाचा थर वाळून बसलेला असतो आणि तो एकाच जागी असला तर बॅलन्सिंगच्या मशीनला नेऊन काय उपयोग, आधी पाणी मारा. दुसरा प्रकार, फक्त ब्रेक दाबल्यावर हलतं, सोडला की बंद. तिथं डिस्क नाहीतर ड्रम बघायचा, बाकी काही शोधत बसू नका.

तिसरा प्रकार लय बेकार, ह्यालाच वॉबलिंग म्हणतात, आणि हे सगळं त्याच्यासाठीच लिहितोय. गाडी साठला झकास चाललेली असते, एका चाकाखाली खड्डा, पुलाचा जॉइंट नाहीतर डांबराचा पॅच येतो आणि एका झटक्यात स्टीअरिंग डावीउजवीकडं असं मारायला लागतं की हात टिकत नाही, डॅशबोर्ड, आरसे, सगळी केबिन हादरते, आणि मुख्य म्हणजे खड्डा मागं गेला तरी थांबत नाही. स्पीड तीस-चाळीसच्या खाली आली की आपोआप गप. परत साठला न्या, काही नाही. पुढचा जॉइंट आला की परत चालू. नवीन ड्रायव्हर असला तर घाबरून गाडी सोडून द्यायची भाषा करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

असं झालं तर त्या क्षणाला काय करायचं ते आधी सांगतो. ब्रेकवर उभं राहू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरा पण अंगठे आतल्या दांड्यांना अडकवू नका, बाहेर ठेवा, नाहीतर झटक्यात अंगठा मुरगळतो. मागं कोण आहे बघा, गाडी हळूहळू उतरू द्या. आणि हे "सवय झालीय" म्हणून तसंच चालवू नका, कारण प्रत्येक वेळी मारलं की ज्या जॉइंटला थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे तिथं तो अजून वाढतो.

आता हे का होतं ते बघू. पुढं सरळ अॅक्सल आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) असलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं, आणि आपल्याकडच्या माल वाहायच्या बऱ्याच पिकअप तशाच आहेत. दोन्ही चाकं एकाच लोखंडी अॅक्सलच्या टोकांना. एका चाकाला खालनं दणका बसला की अख्खा अॅक्सल तिरका होतो, आणि जोरात फिरणारं चाक तिरकं केलं की ते भोवऱ्यासारखं स्वतःहून बाजूला वळायला बघतं, म्हणजे किंगपिनभोवती (चाक ज्या उभ्या पिनवर डावी-उजवीकडं वळतं ती) फिरतं. ते फिरलं की टायरॉडमधनं, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यातनं, दुसरं चाक ओढलं जातं, ते वळलं की अॅक्सल उलट्या बाजूला तिरका, आणि हा खेळ चालू. सगळे जॉइंट टाईट असतील तर एक-दोन हेलकाव्यांत तो मरतो. कुठंतरी प्ले असेल तर मरत नाही, उलट वाढतो.

मग बॅलन्सिंग केल्यावर काही दिवस बरं का वाटतं? हिशोब सोपा आहे. २१५/७५ आर १५ चा टायर धरला तर त्याचा व्यास साधारण ७० सेंटीमीटर, घेर सव्वादोन मीटरच्या जरा आत. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात फेऱ्या मारतं, ८० ला दहा. चाकाचा एखादा भाग जड असेल तर तो सेकंदाला तितक्या वेळा सगळ्या जोडणीला ढकलतो, आणि ढिल्या जोडणीचा स्वतःचा हलायचा वेग जर त्याच्या आसपास असला तर दोघांचं जमतं. बॅलन्सिंग केलं की ढकलणारा गेला, पण ढिल्ली जोडणी तिथंच राहिली. मग रिमला लावलेलं बॅलन्सिंगचं वजन निघून पडलं, टायर थोडा वाकडा झिजला, की परत. म्हणून ज्याला हा आजार परत परत येतोय त्यानं ढकलणाऱ्याच्या मागं न लागता प्ले कुठं आहे ते शोधायचं. स्टीअरिंग डँपर (स्टीअरिंगचे झटके दाबणारा शॉकअप) बदलून पण हेच होतं, नवीन डँपर प्ले झाकून ठेवतो, आणि जुना डँपर एवढ्या लवकर का गेला हे कुणी विचारत नाही.

आमची गाडी शिरोली एमआयडीसीतनं कास्टिंग भरून गोकुळ शिरगावला मशीन शॉपला टाकते. पुलाची शिरोली सोडली की पंचगंगेचा पूल, मग तावडे हॉटेल, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, सगळा हायवेच, आणि सहापदरीचं काम चालू झाल्यापासनं सर्व्हिस रोडला घ्यायचं, परत वर घ्यायचं, जॉइंट आणि पॅच यांना तोटा नाही. भरलेली असताना पुलाच्या जॉइंटवर हमखास मारायची, रिकामी येताना कमी. बॅलन्सिंग झालं, अलायमेंट झालं, टायरॉडचे दोन्ही एंड नवीन पडले, पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं झाले. प्रत्येक कामानंतर थोडे दिवस बरं, की परत सुरू. शेवटी शिवाजी उद्यमनगरात एक वयस्कर मिस्त्री आहेत, पाट्याच्या गाड्यांवर सगळं आयुष्य गेलेलं, त्यांच्याकडं गाडी नेली. मी सवयीनं जॅक काढायला लागलो तर म्हणाले, "जॅक ठिवा तिकडं. गाडी पायावर उभी असताना ढिल्ली हाय का बगायचं, वर उचलल्यावर समदंच चांगलं दिसतंय."

ही जी तपासणी त्यांनी केली ती कुणालाही घरी करता येते, एक माणूस आत आणि एक माणूस खाली, बास. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना दगड. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, आणि आतल्यानं ब्रेकवर पाय ठेवायचा. त्यानं स्टीअरिंग पूर्ण फिरवायचं नाही, नुसतं मधल्या जागेवर इकडं तिकडं हलवत राहायचं. खालच्यानं एकेका जॉइंटवर हात ठेवत जायचं, बोटं अशी ठेवायची की एक बोट एका भागावर आणि दुसरं दुसऱ्या भागावर, म्हणजे दोघांत फरक हलला की लगेच कळतो, डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतो. बोटं चिमटणार नाहीत एवढं बघा. स्टीअरिंग बॉक्सपासनं सुरुवात करायची. बॉक्स चेसिसवर हलतोय का, त्याचे बोल्ट ढिल्ले आहेत का, चेसिसला तिथं तडा गेलाय का. मग ड्रॉप आर्म (बॉक्समधनं खाली आलेला दांडा), मग ड्रॅगलिंकची (तिथनं चाकाकडं जाणारा दांडा) दोन्ही टोकं, मग टायरॉडची दोन्ही टोकं. एक दांडा हलतोय आणि पुढचा हलायला जरा उशीर करतोय, तिथं प्ले.

एक खूण अजून. जिथं लोखंड लोखंडावर घासतंय तिथं गंजाची लाल भुकटी बाहेर येते, धूळ-ग्रीसच्या काळ्या थरात ती तांबूस रेघ वेगळी दिसते. मिस्त्रींनी डाव्या चाकाच्या मागनं बोट फिरवून ते मला दाखवलं, बोटावर काळं काहीच नाही, नुसतं तांबडं. "ही बगा, हितं ग्रीस कवाच मेलंया."

एवढं झाल्यावर मग जॅक. पुढचा अॅक्सल उचलायचा, खाली स्टँड लावायचा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. चाक वर-खाली धरायचं, घड्याळाच्या १२ आणि ६ वर, आणि आत-बाहेर हलवायचं. हललं तर दोन शक्यता, व्हील बेअरिंग नाहीतर किंगपिन. ओळखायची युक्ती अशी की आतल्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, दाबूनही राहिला तर किंगपिन, कारण ब्रेकनं हब आणि स्टब अॅक्सल (चाक ज्याच्यावर बसतं तो वळणारा तुकडा) एकमेकाला बांधले जातात पण स्टब अॅक्सल आणि मुख्य अॅक्सल यांच्यातली किंगपिन मोकळीच राहते. मग ९ आणि ३ वर धरून हलवायचं, तिथला प्ले टायरॉडचा. चाक गरागरा फिरवून पण बघा, एक वीट जवळ ठेवून तिच्यावर पेचकस टेकवायचा, टायर कुठं बाहेर येतोय, कुठं आत जातोय, ते लगेच कळतं. रिमोल्ड टायर (जुन्यावर नवीन रबर चढवलेला) पुढं लावलेला असेल तर त्याच्यावर आधीच संशय घ्या. माझं मत विचाराल तर रिमोल्ड मागं ठीक आहे, पुढं नको.

आमच्यात डाव्या किंगपिनचा खालचा बुश (पिन जिच्यात फिरते ती नळी) गेलेला. वरचा ठीक. कारण खालच्या ग्रीस निपलच्या (ग्रीस आत भरायची बारीक तोटी) तोंडाला मातीचा खडा बसलेला, ग्रीस गन लावली की ग्रीस निपलच्या बाजूनं बाहेर पडायचं आणि पोऱ्याला वाटायचं भरलं. ग्रीस भरलं का नाही हे निपलकडं बघून कळत नाही, पिनच्या दुसऱ्या तोंडातनं जुनं काळं ग्रीस बाहेर आलं तरच भरलं. निपल बंद असेल तर काढून साफ करा नाहीतर नवीन टाका, किरकोळ वस्तू आहे. आणि पावसाळ्यात पुराच्या पाण्यातनं, २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर आलेलं तसं सोडा, नुसतं गुडघाभर पाण्यातनं जरी गाडी काढली असेल तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या निपलना गन लावा. मी चाकं जमिनीवर असताना एकदा आणि अॅक्सल उचलून एकदा असं दोन्ही वेळा मारून घेतो, म्हणजे वजनामुळं एका बाजूला दाबून बसलेली जागा सुटते आणि थ्रस्ट बेअरिंगलाही पोचतं.

किंगपिनचं काम करताना एकच बाजू करू नका, दोन्ही करा. आणि काम कोण करतोय ते बघा. नवीन बुश ठोकून बसवला की त्याचं भोक आवळतं, ते रीमर मारून पिनच्या मापाला आणावं लागतं. वरचा आणि खालचा बुश एका ओळीत रीम झाला पाहिजे, लांब रीमर दोन्हीतनं एकदम गेला पाहिजे. वेगवेगळे घासून बसवले की पिन तिरकी बसते, पहिल्या दिवशी स्टीअरिंग जड आणि थोड्याच महिन्यांत परत प्ले. एमरी पेपरनं पिन घासून बसवणारे पण बघितलेत, ते काम घेऊ नका. अॅक्सलच्या टोकाचं भोकच मोठं झालं असेल तर नवीन पिन पण तिथं हलणार, त्याला स्लीव्ह (आतनं नवीन नळी) मारावं लागतं, पण कोल्हापुरात लेथची काय कमी नाही, उद्यमनगरात एका गल्लीत तीन जण करून देतील. वर-खालचा प्ले शिम (पातळ चकती) टाकून काढतात, शिम इतकीच की स्टब हातानं फिरतो पण वर-खाली हलत नाही.

आता इथं बहुतेक जण थांबतात आणि मिस्त्री थांबले नाहीत. त्यांनी गाडी चालवून बघितली आणि म्हणाले वळणावरनं सोडलं की स्टीअरिंग लयच झटक्यात सरळ येतंय, पाट्याचं काय काम केलंय का. केलं होतं. कास्टिंगचं वजन म्हणून मागं-पुढं जादा पाटा टाकून घेतलेला, आणि पुढचे पाटे खोलले तेव्हा पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये जी लोखंडी पाचर असते ती परत बसवताना उलटी बसवलेली. दिसायला एवढीशी पट्टी, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. पण किंगपिन मागं किती कलंडलीय, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो कोन तिच्यावर आहे. पाचर दोन अंशाची असेल आणि ती उलटी बसली तर फरक दोनाचा पडत नाही, चार अंशाचा पडतो. पाटा अॅक्सलच्या वर बसत असेल तर जाड टोक मागं ठेवलं की कॅस्टर वाढतो, पुढं ठेवलं की कमी होतो. पाटा खालनं असेल तर हे उलट. आमच्या गाडीत जाड टोक पुढं पाहिजे होतं, ते मागं गेलेलं.

कॅस्टर कमी झाला तर गाडी रस्त्यावर भरकटते, स्टीअरिंग वळणावरनं स्वतःहून परत येत नाही. जादा झाला तर स्टीअरिंग जड, सोडलं की फटकन सरळ येतं, आणि प्रत्येक खड्डा हाताला जास्त कळतो, वॉबलिंगला ते आयतं आमंत्रणच. त्यात मागं माल भरला की गाडीची शेपूट बसते, नाक उचलतं, म्हणजे कॅस्टर अजून वाढतो. भरलेली असताना जास्त आणि रिकामी असताना कमी का मारायची ते इथं कळलं. माल केबिनच्या जवळ न भरता फाळक्याच्या बाजूला भरला तर अजून वाईट, पुढच्या चाकांवरचं वजनच हलकं होतं, हे हमालांना सांगून सांगून तोंड दुखलं.

अलायमेंटला हे का सापडलं नाही, तर सरळ अॅक्सलवर अलायमेंटवाला फिरवू शकतो ते फक्त टो, म्हणजे चाकं पुढनं किती आत आहेत ते. कॅस्टर मोजायला चाकं डावी-उजवी ठराविक कोनात फिरवून घ्यावी लागतात, बऱ्याच दुकानांत गर्दी असली की ते गाळतात, आणि मोजलं तरी तो आकडा लाल दाखवून कागद हातात देतात, सांगत काही नाहीत. म्हणून कागद मागून घ्या आणि कॅस्टरचा आकडा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी लावून बघा. दोन्ही बाजूंचा सारखा आहे का ते पण. पाट्याचं काही काम झाल्यावर गाडीची चाल बदलली असेल तर मशीनवर न्यायच्या आधीच पाचरीकडं बघा, टॉर्च मारून खाली वाकलं की दिसते.

पाटे खोललेच तर सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारा) तुटलाय का बघा. तो तुटला की अॅक्सल एका बाजूला मागं-पुढं सरकतो आणि वरनं काहीच कळत नाही, पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट धरून ठेवतात म्हणून गाडी चालते. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) बुश टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, उचकटून बघायचे, पाटा बाजूला सरकला तर बुश गेले. रबराचे बुश असतील तर शेवटचं आवळणं गाडी पायावर उभी करून, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्टीअरिंग बॉक्सवरचा अॅडजस्टमेंट स्क्रू मात्र कुणालाही आवळू देऊ नका सहजासहजी. मधे प्ले कमी झाल्यासारखा वाटतो आणि टोकाला वळवताना बॉक्स अडकायला लागतो, अडकलेलं स्टीअरिंग हे हलणाऱ्या स्टीअरिंगपेक्षा वाईट. बाकीचे सगळे जॉइंट टाईट झाल्यावरच बॉक्सकडं बघायचं.

क्रम माझ्या मते असा ठेवा: आधी हवा दोन्ही चाकांत सारखी, रिम साफ, टायर बघा. मग पायावर उभ्या गाडीची तपासणी. मग जॅकवर किंगपिन आणि बेअरिंग. मग पाटे, यू-बोल्ट, पाचर. जे ढिल्लं सापडेल ते करा, आणि सगळ्यात शेवटी बॅलन्सिंग आणि अलायमेंट, कारण ढिल्ल्या जोडणीवर केलेलं अलायमेंट दुकानाच्या दारातनं बाहेर पडेपर्यंतच टिकतं. वॉबलिंगनं टायरला खळगे पडले असतील, तळहात फिरवला की लाटा लागतात, ते टायर पुढं ठेवू नका, सगळं दुरुस्त होऊनही तेच परत थरथर देतात आणि माणसाला वाटतं काम फुकट गेलं.

आमची गाडी पाचर सरळ करून आणि दोन्ही किंगपिन करून घेतल्यापासनं पुलाच्या जॉइंटवरनं भरलेली जाते, स्टीअरिंगला एक झटका बसतो आणि तिथंच संपतो. एवढा झटका पाट्याच्या गाडीला राहणारच, त्याच्यासाठी परत खर्चात पडू नका.

यू-बोल्ट नवीन टाकले असतील तर चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडीत नेहमीचा माल असताना परत आवळून घ्या. नवीन यू-बोल्ट आणि रंग मारलेले पाटे दोन्ही थोडे बसतात, आणि तेवढ्यानंच सेंटर बोल्टवर जोर येऊन तो तुटतो. गॅरेजवाला बोलवणार नाही, आपणच आठवण ठेवून जायचं, पाना लावायला दहा मिनिटं पण लागत नाहीत.